शाई आहे, हिशेब संपला!

लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर दौत-लेखणीचीही पूजा करण्याची आपली जुनी चाल आहे. पूजाविधीत दौतीला महाकाली मानतात आणि वही-लेखणीच्या ठायी सरस्वतीला पाहतात. आता पेढीवर गादी राहिली नाही, बोरू राहिला नाही, आणि दौत तर मुलांना चित्रात दाखवावी लागते. तरीही दुकानदार त्या दिवशी संगणकाला हळदकुंकू वाहतो आणि शेजारच्या प्रिंटरलाही एखादे झेंडूचे फूल मिळते. ते मिळावेच. घरादारात आज शाई सांभाळण्याचे काम जर कोणी करीत असेल, तर तो हा प्रिंटरच.

परंतु दौतीचा एक गुण तिच्या या वारसाने घेतलेला नाही. दौत कधी खोटे बोलत नसे. बोरू बुडवला आणि टोक कोरडे वर आले, की शाई संपली. ओले वर आले, की शाई आहे! पुढे निबाचे पेन आले. त्याची नळी उजेडापुढे धरली की शाई कुठवर आहे ते दिसे आणि संपली की ड्रॉपरने भरून मोकळे होता येई. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'घोडा छाप' शाईची पूड आणि वड्या विकावयास सुरुवात केली, तोच पुढचा कॅम्लिन उद्योग. त्या वड्या पाण्यात विरघळवून ज्यांनी बोटे निळी केली, त्यांना शाई भरणे हे काही अवघड शास्त्र आहे असे कधी वाटले नाही. दौतीने किंवा पेनाने 'ही शाई मी ओळखत नाही' असे म्हटल्याचेही कोणी ऐकले नाही.

प्रिंटर मात्र तसे म्हणतो. वर्षभरात मला अनेकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: कार्ट्रिजमध्ये शाई डोळ्यांना दिसते आहे आणि यंत्र 'शाई संपली' म्हणून लाल दिवा लावून बसले आहे, हे गौडबंगाल काय? दिवाळीच्या निमित्ताने वाचकांना थोडा निवांतपणा असतो, म्हणून त्याचा उलगडा आज करतो.

प्रथम हे यंत्र छापते कसे, ते पाहू. याच्या जन्माची एक हकिगत मोठी गमतीची आहे. जपानातील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सोल्डरिंगची तापलेली सळई शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो पुढची शाई बाहेर ढकलतो, हे तिथल्या संशोधकांच्या ध्यानी आले, आणि त्यातून शाई उडवून छापणाऱ्या यंत्राची एक जात निघाली. दुसऱ्या जातीत उष्णता नसते. विजेच्या इशाऱ्याने किंचित आकसणारे-फुगणारे स्फटिक शाईला दाब देतात. दोन्हींत शाई बारीक भोकांतून कागदावर पडते. आमच्या घरी हे समजावून सांगू लागलो, तेव्हा चकलीचा सोऱ्या धुता धुता सौ. म्हणाली, "म्हणजे सोऱ्याच की!" तिचे बरोबर होते. फरक इतकाच, की या सोऱ्याची भोके केसापेक्षा बारीक असतात आणि त्यातून पडणारा एकेक थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग!

या सोऱ्याला म्हणतात हेड. काही यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते; कार्ट्रिज बदलले की हेडही नवे येते. काहींत हेड यंत्रात कायमचे बसवलेले असते आणि कार्ट्रिज म्हणजे केवळ शाईची डबी. या दुसऱ्या जातीच्या डबीवर एका बाजूला नखाएवढी पट्टी चिकटवलेली दिसेल. तिच्यावर सोनेरी ठिपके असतात आणि पाठीमागे एक काळा टिपका. हीच ती चिप. डबी यंत्रात बसली की यंत्राच्या बारीक पिना त्या सोनेरी ठिपक्यांवर टेकतात आणि दोघांचे बोलणे सुरू होते. 'मी अमुक जातीची, रंग पिवळा, शाई भरलेली,' असे चिप सांगते आणि यंत्र छापू लागते.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांना वाटते की ही चिप शाईत बोट घालून पाहते. मुळीच नाही! तिचा आणि शाईचा स्पर्शही नसतो. यंत्र आपण किती थेंब उडवले ते मोजते, हेड धुण्यात किती शाई गेली ते त्यात मिळवते आणि चिपच्या वहीत तितकी वजाबाकी करून ठेवते. कोठारात एकदाही न जाता पेढीवर बसून 'आज इतकी पोती गेली' असे लिहिणारा मुनीम आपण पाहिला असेल. तसा हा मुनीम आहे. त्याच्या वहीत शिल्लक शून्य झाली, की कोठार बंद. मग कोठारात धान्य असो वा नसो.

मुनिमाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हेडमध्ये शाईऐवजी हवा शिरली तर बारीक भोके कोरडी पडून तुंबतात, आणि उष्णतेवर चालणारे हेड शाईवाचून तापले तर कामातूनच जाते. म्हणून डबी पुरती रिकामी होण्यापूर्वी थांबावे, थोडी शाई मुद्दाम शिल्लक ठेवावी, हा विचार वाजवी आहे. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. कंपनीच्या मूळ डबीवरच्या चिपची वही सहसा एकाच दिशेने चालते. तिच्यात वजाबाकी होते, बेरीज होत नाही. तुम्ही सिरिंजने डबी काठोकाठ भरलीत तरी वहीत शून्य ते शून्यच! घरातला तेलाचा डबा रिकामा झाला की आपण भरतो. डब्याची परवानगी कोणी विचारीत नाही. इथे ती विचारावी लागते आणि मिळत नाही.

यावर बाजाराने तोड काढली. पुन्हा भरता येतील अशा पारदर्शक डब्या निघाल्या आणि त्यांच्यावर अशी चिप बसवली, की शून्यावर आल्यावर डबी काढून परत घातली किंवा यंत्र बंद करून सुरू केले, की वहीत पुन्हा 'भरलेली' असे उमटते. छोट्या गावांतल्या कितीतरी दुकानांचा संसार अशा डब्यांवर चालला आहे. पण ही चिपही अमर नाही. वारंवार काढघालीने सोनेरी ठिपके घासतात, अंगातल्या स्थिर विजेने ती मरते, किंवा यंत्राची आतली आज्ञावली बदलली की ती ओळखेनाशी होते. मग डबी चांगली, शाई चांगली, आणि बदलायची फक्त ती नखाएवढी पट्टी. हे काम कसे करतात ते एका प्रत्यक्ष प्रसंगावरून सांगितले तर अधिक समजेल.

आमचे कळमेश्वर नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागते. इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन आहे, औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत, आणि गावाबाहेर पडले की संत्र्याच्या बागा. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री निघू लागतात, तेव्हा गावात पैशाची आणि कागदपत्रांची वर्दळ एकदमच वाढते. आमच्या शेजाऱ्यांच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी बचत गटाचे कर्ज काढून झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे लहानसे दुकान टाकले. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नाचे बायोडेटा, सगळे तिथे छापून मिळते. नवरा कारखान्यात कंत्राटावर पाळ्या करतो. तिने पहिल्या दिवसापासून एक नेम केला आहे: कर्जाचा हप्ता दुकानाच्या गल्ल्यातूनच भरायचा, घरातून एक पैसा मागायचा नाही.

परवा वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या दारात उभी. हातात एक पारदर्शक डबी.

"काकाजी, पाहा न, अर्धी डबी पिवळी शाई दिसून राहिली. मग हे मशीन नाही काऊन म्हणते?"

डबी दिव्याकडे धरली. शाई होतीच. डबी काढून घालून झाली होती, यंत्र बंद-सुरू करून झाले होते. पिवळ्याची चिप गेली होती. आणि त्या यंत्राची रीत अशी, की चारांपैकी एक रंग जरी 'नाही' म्हणाला तरी सगळे काम बंद. सातबाऱ्यात आणि उत्पन्नाच्या दाखल्यात पिवळ्या रंगाचा ठिपकाही नसतो. पण पिवळा रुसला म्हणून काळाही छापत नव्हता! दुकानाबाहेर आठ-दहा माणसे थांबली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. एक पोरगी तर बापाला घेऊन आली होती. बापाचा अर्धा दिवसाचा रोज बुडाला होता.

कंपनीची नवी डबी घ्यावी, तर एक घेऊन भागत नव्हते. त्या चारांच्या किमतीत थोडी भर घातली असती तर नवा प्रिंटर आला असता. सासूबाईंचे म्हणणे पडले, "येवढा खर्च खाते तर कायले ठेवता ते मशीन? विकून टाका." त्या बोलल्या ते काळजीपोटीच, पण सुनेचा चेहरा उतरला. दुकान दोन दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक तहसील कचेरीजवळच्या दुकानाकडे वळते, आणि एकदा वळलेले गिऱ्हाईक दिवाळीची ओवाळणी देऊनही परत येत नाही. तिचा नेम मोडण्याची वेळ आली होती.

त्या रात्री अडलेल्या मंडळींची कामे तिने कशी भागवली ते पाहण्यासारखे होते. सगळे अर्ज संगणकावर पुरे भरून ठेवले, प्रत्येकाची नावनिशी कागदावर मांडली आणि सकाळी अकराला या म्हणून सांगितले. तिचा दीर पहाटेच्या गाडीने नागपूरला गेला आणि बर्डीवरून त्याच जातीच्या चार चिपा घेऊन दहाच्या आत परत आला. मी माझे भिंग घेऊन गेलो. बारीक कामाची मला पूर्वीपासून हौस आहे. पण भिंग मी धरले, हात तिचेच चालले.

कृती अशी. टेबलावर वर्तमानपत्र पसरावे. हात धुऊन कोरडे करावेत आणि एखाद्या लोखंडी वस्तूला, खिडकीच्या गजाला म्हणा, क्षणभर हात लावावा. अंगातली स्थिर वीज असेल तर निघून जाते. जुनी चिप प्लॅस्टिकच्या दोन बारीक खुंट्यांवर बसवलेली असते. ती कोणत्या बाजूने बसली आहे ते आधी नीट पाहून घ्यावे. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. मग पातळ पाते चिपच्या खाली सपाट सरकवून ती हलकेच उचलावी. जोर करू नये, खुंटी मोडते. जागेवरचा जुना डिंक साफ खरडून काढावा. नव्या चिपच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढा डिंक लावून ती खुंट्यांवर दाबून बसवावी. सोनेरी ठिपक्यांना बोट लागू देऊ नये, डिंक तर नाहीच नाही. आणि रंग पाहून चिप घ्यावी. प्रत्येक रंगाच्या चिपचा संकेत निराळा असतो. काळ्याची चिप पिवळ्याला चालत नाही.

तिने चिप बसवली, डबी घातली. यंत्राने थोडे खाकरल्यासारखे केले आणि लिहिले: 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' बाहेर पावणेअकरा झाले होते. कोणी काही बोलेना. तिने डबी परत काढली, डोळ्यांशी धरली आणि म्हणाली, "काकाजी, एका बाजूनं वर आली न ही." खरेच, एका खुंटीशी जुन्या डिंकाचा कण राहिला होता. त्यामुळे चिप केसभर तिरपी बसली होती आणि यंत्राच्या पिना तिच्यावर सारख्या टेकत नव्हत्या. कण खरडला, चिप पुन्हा बसवली, डबी घातली. दिवा हिरवा झाला. पहिला कागद बाहेर आला तो त्या पोरीच्या शिष्यवृत्तीचा.

मला कौतुक वाटले ते पुढच्या गोष्टीचे. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने चारही डब्यांवर काच रंगवण्याच्या पेनाने एकेक आडवी रेघ मारली आणि एक चाळीस पानी वही उघडली: तारीख, रंग, किती मिलिलिटर भरली. "मशीनचा हिशेब मशीनपाशी," ती म्हणाली. "माह्या दुकानाचा मी ठेवीन जी."

हे तिने अगदी नेमके ओळखले. आपोआप 'भरलेली' म्हणणारी चिप म्हणजे मालकाला हवे ते लिहून देणारा मुनीम. डबी खरोखर रिकामी असली तरी तो 'कोठार भरले' म्हणेल आणि हेड हवा ओढीत बसेल. कंपनीचा मुनीम शाई असून नाही म्हणतो, हा नसून आहे म्हणतो. दोघेही कोठारात जात नाहीत. म्हणून नियम असा, की आधी शाई भरावी, मग चिपला शून्यावरून वर आणावे, आणि विश्वास डोळ्यांवर ठेवावा. पातळी रेघेखाली गेली की यंत्र काही का म्हणेना, थांबून भरावे. प्रत्येक रंगाला निराळी सिरिंज वापरावी. शाई सावकाश सोडावी, म्हणजे बुडबुडे होत नाहीत. भरण्याच्या भोकाचे बूच घट्ट लावावे, पण हवेचे भोक मात्र मोकळे ठेवावे. ते बंद राहिले तर शाई खाली उतरत नाही. विरघळणाऱ्या रंगाची शाई आणि बारीक भुकटीची शाई एकमेकींत कधी मिसळू नये.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा पट्टीची कसली कथा सांगता! पण या पट्टीवरून साता समुद्रापलीकडे मोठमोठे खटले लढले गेले आहेत. अमेरिकेतील लेक्समार्क कंपनीने आपल्या टोनरच्या कार्ट्रिजवर चिप बसवली, आणि स्टॅटिक कंट्रोल नावाच्या कंपनीने तशीच चालणारी चिप करून जुनी कार्ट्रिजे पुन्हा भरणाऱ्यांना विकली. टोनर म्हणजे ओल्या शाईऐवजी कोरडी पूड. पण चिपचा प्रश्न तोच. लेक्समार्कने २००२ साली ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याखाली दावा लावला. जणू चिपमधली चार ओळींची आज्ञावली म्हणजे कादंबरीच! खालच्या कोर्टाने चिपांच्या विक्रीस मनाई केली. २००४ साली वरच्या कोर्टाने ती मनाई उठवली. पुढे त्याच कंपनीने 'एकदाच वापरा आणि आम्हांलाच परत करा' या अटीवर स्वस्त कार्ट्रिजे विकली. ती भरून विकणाऱ्या एका लहान व्यापाऱ्यावरचा दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० मे २०१७ रोजी निकाल लागला: वस्तू एकदा विकली की पेटंटाच्या जोरावर तिच्या पुढच्या वापरावर विकणाऱ्याची सत्ता चालत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात दाखला दिला तो जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा. त्याने प्रत्येक सुट्या भागाच्या कारखानदाराची परवानगी विचारीत बसायचे म्हटले, तर दुकान चालायचे कसे?

कायदा एका बाजूला आणि यंत्राची आतली आज्ञावली दुसऱ्या बाजूला. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या काही जातींच्या प्रिंटरांनी एके दिवशी इतरांच्या चिपा असलेली कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. काल चालत होती ती आज चालेनात! ओरड झाली, आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करून ती अडवणूक काढणारी आज्ञावली द्यावी लागली. पण सगळ्यात बोलका प्रसंग २०२२ च्या जानेवारीतला. जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला होता. कॅननला आपल्या काही टोनर कार्ट्रिजांवर लावायला चिपाच मिळेनात, म्हणून कंपनीने ती चिपेशिवाय विकली. तिच्या जर्मन शाखेने गिऱ्हाइकांना सांगितले, की यंत्र इशारा देईल, शाईची पातळी कदाचित दाखवणार नाही, पण छपाई ठीक होईल. इशारा बाजूला सारून पुढे जा. गिऱ्हाईक इतकी वर्षे जे म्हणत होते, ते टंचाईने कंपनीच्याच तोंडून वदवले!

आपल्याकडेही वारे फिरले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. यंत्रांच्या बाजारातही फरक पडला. एप्सन कंपनीने २०१० साली इंडोनेशियात पहिल्यांदा टाकीचा प्रिंटर आणला. तिथले दुकानदार बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून काम भागवीत होते, ते पाहून कंपनीने टाकीच यंत्राला बसवून दिली. पुढे तो भारतात आला आणि इतर कंपन्यांनीही तसे प्रिंटर काढले. बाटलीतून टाकीत शाई ओतावयाची आणि टाकीच्या काचेतून पातळी पाहावयाची. म्हणजे फिरून फिरून आपण दौतीपाशीच आलो की!

तेव्हा या दिवाळीत कोणी घरी किंवा दुकानात प्रिंटर घेणार असेल, तर यंत्राच्या किमतीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शाई टाकीत ओतायची की डबी बदलायची? डबी असेल तर तिच्यावर चिप आहे का, आणि एका शाईच्या भरण्यात पाने किती निघतात? एक रंग संपला तर नुसते काळे छापता येते का? हेड तुंबले तर ते सुटे मिळते का? दुकानदार पहिल्या प्रश्नावर हसून दुसरीकडे पाहू लागला, तर दुसऱ्या दुकानात जावे. आणि ज्यांच्याकडे डब्यांचे जुने यंत्र आहे त्यांनी ते भंगारात घालण्याची घाई करू नये. हेड चांगले असेल आणि अडले असेल ते केवळ चिपेपाशी, तर बहुतेक वेळा पातळ पाते, टाचणीभर डिंक आणि थोडा धीर एवढ्यावर ते पुन्हा चालू लागते. हमीची मुदत बाकी असेल तर मात्र आधी हमीपत्र वाचावे. आणि टाकून द्यावयाच्या डब्या व चिपा ओल्या कचऱ्यात न घालता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात.

पैसे वाचतात हे तर खरेच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती मालकीची. घरात आणलेल्या वस्तूत काय शिल्लक आहे, हे वस्तूने आपल्याला सांगावे, आपल्यापासून लपवू नये, आणि आपण भरू म्हटले तर अडवू नये. एवढी अपेक्षा मीठ-मसाल्याच्या पाळ्यापासून आपण करीत आलो आहोत. मग हजारो रुपये देऊन घेतलेल्या यंत्राकडून ती का करू नये? ते सांगत नसेल, तर चाळीस पानी वही काही महाग नाही.

असो. पाडव्याला व्यापारी मंडळी नवी वही घालतील. त्यातली एक वही शाईच्या नावानेही निघावी. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो, आणि तुमच्या घरच्या दौतीत, मग ती काचेची असो की प्लॅस्टिकच्या टाकीची, शाई भरलेली राहो.